तात्यांचं डिझेल

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "किती देते रे गाडी?" मग समोरचा ऐटीत सांगतो, "साठ!" किंवा तोंड पाडून सांगतो, "पंचेचाळीस, प्लग बदलायला पाहिजे." हा आकडा कसा काढतात ते सगळ्यांना माहीत आहे. मीटरवरचे किलोमीटर भागिले टाकलेलं तेल. तेल कमी भरलं असेल अशी शंका आपल्याला लगेच येते. किलोमीटर चुकले असतील अशी शंका मात्र कधीच येत नाही.

आमच्या बिद्रीत ही शंका कुणाला आली नाही म्हणून एका माणसाची नोकरी गेली. तो हिशोब मी यंदा दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मांडला. तोच इथे समजावून सांगणार आहे. (शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी!)

माझ्या काकांची जुनी लांब चासीची महिंद्रा जीप आहे. बिद्री, मुदाळ तिट्टा, गारगोटी आणि अधूनमधून कोल्हापूर असं वडाप चालायचं. गाडीवर ड्रायव्हर होते तात्या. मी अकरावीत असताना काकांनी गाडीचं मोठं काम काढलं. मागचा क्राऊन-पिनियन आवाज करत होता, म्हणून मेस्त्रींनी भंगारातून दुसरा आणून बसवला. चारी टायर संपले होते, त्यामुळे ६.००-१६ च्या जागी थोडे मोठे ७.००-१६ टाकले. गाडी उंच दिसायला लागली, वरच्या गिअरला मोकळी पळायला लागली. सगळे खूश.

महिना संपल्यावर काकांनी वही उघडली. आधी महिन्याला साधारण ३००० किलोमीटर व्हायचे आणि २५० लिटर डिझेल लागायचं, म्हणजे लिटरला १२. या महिन्यात मीटरवर झाले होते २५५८ किलोमीटर आणि डिझेल गेलं होतं २४५ लिटर. म्हणजे लिटरला साडेदहासुद्धा नाही. काकांनी उलटा हिशोब केला. १२ च्या ॲव्हरेजनं २५५८ किलोमीटरला २१३ लिटर पुरे. मग वरचं ३२ लिटर गेलं कुठं? शिवाय किलोमीटरही चारशेनं कमी. याचा अर्थ फेऱ्या चुकवल्या आणि डिझेलही विकलं!

तात्या अंगणात उभे होते. एवढंच म्हणाले, "मालक, गाडी तेवढीच पळतीया. काटाच कमी सांगतोय."

काका म्हणाले, "काटा कशाला खोटं बोलंल? त्याला काय घरदार आहे?"

त्या महिन्याचा पगार कापला गेला आणि तात्या गेले. मी तिथंच पायरीवर बसले होते. मलाही काकांचंच बरोबर वाटलं, कारण काकांकडे आकडे होते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. स्पीडोमीटर रस्ता बघत नाही. तो फक्त फेरे मोजतो. जुन्या गाडीत गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला एक छोटा गिअर असतो. त्याच्यातून एक लवचिक केबल निघते आणि डॅशबोर्डपर्यंत जाते. केबलच्या टोकाला मीटरच्या आत एक लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत एडी करंट तयार होतात आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचत असते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी वाटी जास्त वळते, आणि काटा त्या वाटीलाच जोडलेला असतो. जर्मनीच्या ओटो शुल्झनं या युक्तीचं पेटंट १९०२ साली घेतलं. किलोमीटरचे आकडे मात्र सरळ वर्म गिअरनं फिरतात, त्यात चुंबकाचा संबंध नाही.

जुन्या अमेरिकन गाड्यांत केबलचे १००० फेरे म्हणजे १ मैल असं धरलेलं असायचं. म्हणजे कारखान्यातच कुणीतरी ठरवलं होतं, की या टायरचा घेर एवढा, या क्राऊनचा रेशो एवढा, म्हणून एवढे फेरे झाले की एवढं अंतर झालं. मीटर हे पाठ केलेलं उत्तर सांगत राहतो. आपण टायर बदलला किंवा क्राऊन बदलला, तर प्रश्न बदलतो. मीटरला ते कोण सांगणार?

दोन्ही बदलांचा परिणाम वेगवेगळा बघू.

पहिला बदल टायरचा. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतो. फेरे तेवढेच, अंतर जास्त. म्हणून मीटर कमी सांगतो. किती कमी, ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. टायरवर जमिनीला टेकलेल्या जागी खडूची खूण करायची, तिथेच जमिनीवरही खूण करायची, गाडी सरळ ढकलून टायरची खूण पुन्हा खाली येईपर्यंत न्यायची आणि टेपनं अंतर मोजायचं. गाडीत नेहमीइतकं वजन आणि टायरात नेहमीची हवा पाहिजे, कारण वजनाखाली टायर थोडा दबतो. पाच फेरे मोजून पाचनं भागलं तर आणखी चांगलं. आमच्या जीपचा नवा घेर भरला २.३४ मीटर. जुन्या मापाचा एक टायर स्टेपनी म्हणून अजून शिल्लक होता. तो मागच्या एका चाकाला चढवून मोजला, तर २.२० मीटर. भागाकार १.०६४. म्हणजे नुसत्या टायरमुळे ६ टक्क्यांहून थोडा जास्त फरक.

दुसरा बदल क्राऊन-पिनियनचा. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जीपमध्ये मीटरची केबल प्रोपेलर शाफ्टच्या बाजूनं, म्हणजे क्राऊनच्या आधी निघते. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर किती वेळा फिरतो यावर मीटरचं उत्तर ठरतं. हा आकडा म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. महिंद्रानं १९४७ पासून विलीज जीप भारतात जोडायला सुरुवात केली. विलीजच्या युद्धकाळातल्या जीपचा रेशो ४.८८ होता, तर नंतरच्या सुरुवातीच्या सीजे जीपचा ५.३८. त्यामुळे आपल्याकडच्या भंगारात दोन्ही सापडतात आणि बाहेरून बघून फरक कळत नाही.

काकांचा जुना क्राऊन-पिनियन गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. (आमच्याकडे काहीच टाकून देत नाहीत, देव त्यांचं भलं करो!) मी दात मोजले. क्राऊनला ४३, पिनियनला ८. भागाकार ५.३७५. आता नवा तर गाडीत बसलेला, तो कसा मोजायचा? त्यालाही युक्ती आहे. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, गाडी न्यूट्रलला आणि टू-व्हीलवर ठेवायची, चाकावर आणि प्रोपेलरवर खडूच्या खुणा करायच्या. मग उचललेलं चाक हातानं बरोबर २ फेरे फिरवायचं आणि प्रोपेलर किती फिरला ते मोजायचं. २ फेरे अशासाठी, की दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असताना डिफरन्शियलमुळे क्राऊन उचललेल्या चाकाच्या निम्माच फिरतो. आमचा प्रोपेलर ५ फेऱ्यांना थोडा कमी पडला, साधारण ४ पूर्णांक ७/८. म्हणजे ३९ ला ८, भागाकार ४.८७५.

एक गोष्ट जपून करा. जुन्या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवरच असतो. तो सोडल्याशिवाय हा प्रयोग होत नाही, आणि सोडला की गाडी घरंगळू शकते. सपाट जागा, बाकीच्या तिन्ही चाकांना पुढूनमागून दगड, आणि जॅकच्या जोडीला लाकडी ठोकळा एवढं केल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. मी खाली शिरले तेव्हा आजी दारातून सारखी ओरडत होती, "अगं पोरी, भाईर ये!" तिचं काही चुकत नव्हतं.

आता गणित. आधी चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर ५.३७५ वेळा फिरायचा, आता ४.८७५ वेळाच फिरतो. म्हणजे तेवढ्याच रस्त्याला मीटरकडे कमी फेरे पोचतात. इथेही मीटर कमीच सांगणार. सूत्र असं:

खरं अंतर = मीटरचं अंतर × (नवा घेर ÷ जुना घेर) × (जुना रेशो ÷ नवा रेशो)

आमच्या गाडीसाठी १.०६४ गुणिले १.१०३, म्हणजे सुमारे १.१७३.

लक्षात घ्या, दोन्ही चुका एकाच दिशेच्या निघाल्या. मोठ्या टायरबरोबर जास्त रेशोचा क्राऊन बसवला असता, तर एक चूक दुसरीला बरीचशी खाऊन गेली असती. आमच्याकडे दोघी एकमेकींच्या जोडीला आल्या.

उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी पडताळा घ्यावा, असं आमचे लॅबचे सर नेहमी सांगतात. मी काकांना म्हणाले, "काका, एकदा माझ्याबरोबर चला. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजू." २० किलोमीटरचे दगड मागे गेले तेव्हा मीटरवर बरोबर १७ झाले होते. सूत्रानं १७.०५ यायला पाहिजे होते. मोबाईलच्या जीपीएसवरही २० च. काकांनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग तिथंच, बॉनेटवर वही ठेवून मी तो जुना महिना पुन्हा मांडला. मीटरचे २५५८ गुणिले १.१७३, म्हणजे ३००० किलोमीटर. एकही फेरी चुकलेली नव्हती. ३००० भागिले २४५, म्हणजे लिटरला १२.२. ३२ लिटर कुठंच गेलं नव्हतं. उलट तात्यांनी त्या महिन्यात ५ लिटर वाचवलं होतं.

हे झालं डिझेलचं. पण मीटर कमी सांगतो याचे आणखी दोन परिणाम आहेत आणि ते जास्त गंभीर आहेत. मीटरवर ६० दिसत असताना आमची जीप खरं तर ७० नं पळत होती. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १.१७३ चा वर्ग १.३८. म्हणजे ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत ड्रायव्हरच्या अंदाजापेक्षा ३८ टक्के जास्त रस्ता लागणार, तेही मागे माणसं दाटीवाटीनं बसलेली असताना. दुसरं, ऑइल ५००० ला बदलतो असं काका म्हणायचे, तेव्हा प्रत्यक्षात ५८६० च्या वर झालेले असायचे.

म्हणूनच युरोपात आणि इतर अनेक देशांत मानला जाणारा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो, की मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवलं तर चालतं, तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढ्या मर्यादेत. म्हणजे खरा वेग ८० असेल तर मीटरवर ८० ते ९२ पर्यंत काहीही चालेल, पण ७९ चालणार नाही. म्हणून कंपन्या मीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. मोठा टायर घातला की आपण ही राखीव जागाच खाऊन टाकतो. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ नोंद बदलेल असे फेरफार स्वतःच्या मनानं करता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

मग टायर बदलायचेच नाहीत का? बदला, पण बाहेरचा व्यास राखून. मारुती स्विफ्टचंच उदाहरण घ्या. तिच्या काही मॉडेलना १६५/८० आर १४ टायर यायचे, तर वरच्या मॉडेलना १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचात. उंची दोनदा धरून त्यात रिम मिळवला, की पहिल्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा ६२१.५. रिम एक इंचानं वाढला, पण व्यासात २ मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. आता बोलेरोचा २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ घातला, तर ७०३.५ चा ७३३.५ होतो. ४.३ टक्के फरक. उलट झिजलेला टायर लहान होतो. ८ मिलिमीटरची नक्षी झिजून १.६ वर आली, तर स्विफ्टच्या टायरचा व्यास २ टक्क्यांनी घटतो आणि मीटर तेवढं जास्त सांगतो. म्हणजे टायर घासत आले की गाडी "जास्त देते", ते यामुळेही!

बाईकवाल्यांसाठी वेगळी सूचना. आपल्या पार्किंगमध्ये काही वीर स्प्रॉकेट बदलून आलेले आहेत. तुमच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून निघत असेल, जशी जुन्या स्प्लेंडरची निघते, तर स्प्रॉकेट बदलल्यानं मीटरला काहीही फरक पडत नाही. फरक पडेल तो फक्त पुढच्या टायरनं. सेन्सर गिअरबॉक्सजवळ असेल, तर मात्र स्प्रॉकेट आणि मागचा टायर दोन्ही हिशोबात येतात. त्यामुळे आधी केबल किंवा वायर कुठून निघते ते बघा, मग भांडा.

आता दुरुस्ती. जुन्या गाडीत सोपा उपाय म्हणजे केबल फिरवणारा छोटा गिअर बदलणे. त्याचे दात कमी केले की केबल जास्त फिरते. आमच्या गिअरला १६ दात निघाले. १६ भागिले १.१७३, म्हणजे १३.६. अर्धवट दात तर पाडता येत नाही! १४ घेतला तर मीटर अडीच टक्के कमी सांगणार. १३ घेतला तर ५ टक्के जास्त. जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात दोन्ही मिळाले. काकांचं म्हणणं, १४ खऱ्याच्या जास्त जवळ आहे, तोच घालू. माझं म्हणणं, १३. कारण १४ ची चूक लहान असली तरी ती ड्रायव्हरला जोरात पळवणारी आहे आणि १३ ची चूक त्याला हळू ठेवणारी. शेवटी १३ बसवला. हाऊसिंगमध्ये नीट बसतो की नाही ते मात्र आधी बघावं लागतं, कारण दातांबरोबर गिअरचा व्यासही बदलतो. गिअर मिळालाच नाही तर केबलच्या मध्ये जोडायची रेशोची डबी मिळते. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या गाडीत सेन्सरच्या पल्सचा आकडा कॅलिब्रेट करून घ्यावा लागतो.

गिअर बसला त्याच दिवशी संध्याकाळी काका मला घेऊन कारखान्यावर गेले. गाळप सुरू झालं होतं. यार्डात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली आणि तात्या एका ट्रॅक्टरवर बसलेले. गेली तीन-चार वर्षं ते हंगामात ऊस ओढतात. काकांनी कापलेला पगार खिशातून काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "तात्या, माझं चुकलं. काटा खोटं बोलत हुता."

तात्यांनी पैसे मोजले, खिशात ठेवले. म्हणाले, "मी तवाच सांगितलं हुतं." दुसरं काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ह्यो आमचा मीटर खरा हाय का बघ की. मागलं टायर मोठं टाकल्यात."

मी वर चढून बघितलं. त्या ट्रॅक्टरचा मीटर इंजिनाला जोडलेला होता, म्हणजे तो फेरे आणि तास सांगत होता. टायर कितीही मोठा घाला, तासांचा आकडा बदलत नाही. पण डायलवर वरच्या गिअरसाठी वेगाच्या रेघा असतात त्या ठराविक मापाच्या टायरसाठी काढलेल्या असतात. "तात्या, तास खरे आहेत. वेग मात्र दाखवतोय त्यापेक्षा जास्त असणार. दोन ट्रॉल्या मागे असताना तेवढं ध्यानात ठेवा." तात्यांनी मान हलवली.

ते जीपवर परत आले नाहीत. काकांनी विचारलं होतं.

काकांची वही अजून तीच आहे. फक्त पुठ्ठ्याच्या आत, पहिल्या पानाच्या वर त्यांनी लाल शाईनं लिहून ठेवलंय: "मीटर × ०.९५ = खरं". नवा ड्रायव्हर आला की काका त्याला आधी ते पान दाखवतात.

तेव्हा मित्रांनो, टायर, क्राऊन किंवा स्प्रॉकेट यांतलं काहीही बदललं तर त्याच आठवड्यात २० किलोमीटरचे दगड किंवा जीपीएस धरून मीटर तपासा, आणि आलेला आकडा गाडीच्या वहीत लिहून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या घरात ते व्हायला चार वर्षं लागली.